चार बॅटऱ्यांचं पासिंग

उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्या भागात टायर फिरायचे. गाडीखाली नव्हे, या गाडीवरून त्या गाडीवर. कारखान्याच्या गाडीतळावर आरटीओचा कॅम्प लागायचा. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पासिंगसाठी रांगेत उभ्या राहायच्या, आणि फाट्यावरचा पंक्चरवाला आपले सहा चांगले टायर घेऊन बाभळींच्या मागे दुकान मांडायचा. एक गाडी पास झाली की बाभळींमागे जायची, जॅक लागायचा, टायर उतरायचे आणि पुढच्या गाडीला चढायचे. टायरबरोबर एक औषधाची पेटीही फिरायची. तिच्यातला कापूस पिवळा पडला होता आणि आयोडिनच्या बाटलीत नुसता डाग उरला होता.

हे सगळ्यांना माहीत होतं आणि यात कुणाला लबाडी वाटत नव्हती. मुलगी बघायला जाताना मित्राचं घड्याळ घालून जातात, तितकंच ते सरळ होतं.

मला ते सरळ वाटेना. आदल्या हंगामात चढावर ब्रेक न लागल्यामुळे एक ट्रॉली मागे घसरली आणि आमच्या वस्तीतल्या एका माणसाचा पाय गुडघ्यापासून गेला. ती ट्रॉली पास झालेली होती. मी पत्रक काढलं. त्याला मथळा दिला, ‘एका टायरवर किती गाड्या?’ सायक्लोस्टाइल करून एसटी स्टँडवर, गाडीतळावर, पंक्चरवाल्याच्या हातातसुद्धा नेऊन दिलं.

पत्रक काढणं हा माझा स्वभाव नव्हता, माझं शिक्षण होतं. आमच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं ढिगानं. आण्णा, म्हणजे माझे वडील, प्रत्येक जयंतीहून, धम्म मेळाव्याहून, मोर्चाहून पत्रकं घेऊन यायचे आणि घडी मोडू न देता पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर. मामाला खुशालीचं पत्र लिहितानासुद्धा माझ्याकडून सुरुवातीला ‘बंधू-भगिनींनो’ पडायचं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. अन्याय दिसला की मला एका जागी बसवत नसे, आणि न दिसला तरी फारसं बसवत नसे.

त्याच वर्षी आमच्या घरची गाडी पासिंगला न्यायची होती.

ती गाडी ताईसाठी होती. ताई माझी थोरली बहीण. तिला लहानपणी पोलिओ झाला होता. दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या आणि काखेत कुबड्या. ती डी.एड. झाली आणि सात किलोमीटरवरच्या गावात शाळेवर लागली. जायला एसटी सकाळी एकच, तीही कधी थांबायची, कधी नाही. मग कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून जाणं आलं. आज हे सर, उद्या ते सर, परवा दूधवाला. प्रत्येकजण चांगला होता आणि प्रत्येकजण रस्त्यात विचारायचा, बाई, आज लवकर सुटता का? वर्गात धडा अर्ध्यात असताना खिडकीबाहेर कुणाचा तरी हॉर्न वाजायचा आणि ताईला पुस्तक मिटावं लागायचं. एकदा ती आईला म्हणाली की मी पगार शिकवण्याचा घेते, पण माझा दिवस दुसऱ्याच्या किकवर चालतो.

आण्णा कारखान्यात वायरमन होते. जळालेल्या मोटारी सोडवून पुन्हा गुंडाळणं हा त्यांच्या हातचा मळ. ताईला क्लच दाबता येणार नव्हता आणि गिअर टाकताना पाय लागणार होता, म्हणून त्यांनी क्लच आणि गिअर नसलेली गाडी करायचं ठरवलं. एक म्हातारी पेट्रोलची मोटारगाडी मिळवली आणि तिचं इंजिन काढून टाकलं. नगरच्या भंगारातून माल उचलणाऱ्या गाडीची बॅटरीवर चालणारी मोटर आणली. ट्रॅक्टरला असतात तशा आठ बॅटऱ्या, चार पुढे इंजिनाच्या जागी, चार मागच्या सीटच्या जागी. वेग आणि ब्रेक दोन्ही स्टिअरिंगजवळच्या लिव्हरांवर. आठ बॅटऱ्यांवर गाडी शाळेला जाऊन परत येईल इतकी पळत होती, वर थोडी उरत होती. चार बॅटऱ्यांवरही ती तशीच पळायची, फक्त निम्मं अंतर.

ताई कारखान्याच्या वसाहतीतल्या रस्त्यांवर ती चालवायला शिकली. पण मोठ्या रस्त्यावर न्यायला तयार होईना. गाडीच्या पुस्तकात पेट्रोल लिहिलेलं होतं, पंधरा वर्षं उलटून गेल्यामुळे नोंदणी संपलेली होती. कागद झाल्याशिवाय मी शाळेच्या पोरांसमोर या गाडीतून उतरणार नाही, असं तिनं सांगितलं. त्यामुळे सगळं त्या कॅम्पवर येऊन अडलं होतं. गाडी तपासून नोंद झाली तर ताई स्वतःच्या वेळेनं शाळेत जाणार होती. नाहीतर पुन्हा दूधवाला.

कॅम्पच्या कामाचा एजंट फाट्यावर बसायचा. त्यानं कागद चाळले आणि पीयूसी मागितली. आम्ही गाडी पेट्रोल पंपावर नेली. तिथल्या धूर तपासणाऱ्यानं हातात नळी घेऊन गाडीला एक फेरी मारली, वाकून पाहिलं, दुसरी फेरी मारली. मग मला विचारलं की नळी घालू कुठं. मी म्हणालो, जागाच नाही. तो विचारात पडला आणि शेवटी बाकी गाड्यांचा येतो तोच आकडा टाकून देतो म्हणाला. एजंटची सूचना वेगळी होती. मागे स्कूटरचा जुना सायलेन्सर तारेनं बांधा, साहेबाला नळकांडं दिसलं की झालं.

माझ्या डोक्यात सणक गेली. ज्या गाडीला धूर नाही तिनं धुराचा दाखला का दाखवायचा? मी एसटीनं दोनदा नगरला गेलो, वाचनालयात बसून नियम हातानं उतरवून आणले, आणि चार पानी निवेदन लिहिलं. ते आरशासमोर म्हणून पाहिलं. चालताना म्हणत होतो, जेवताना म्हणत होतो. आई म्हणाली, ‘अरे, भाकरीशी भांडतोस का?’ गाडीचं पासिंग म्हणजे माझ्या लेखी हा धुराचा मुद्दा आणि दुसरं काहीच नाही.

आण्णा त्या दिवसांत गप्प होते. मला वाटलं, निवेदनाची काळजी करत असतील.

कॅम्पच्या दिवशी सकाळी मी गोठ्याच्या मागे गेलो तर तिथं पोत्याखाली काहीतरी झाकलेलं. पोतं उचललं. चार बॅटऱ्या, ओळीनं.

आण्णा पाना घेऊन गाडीपाशी उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि आधी आत ताईची चाहूल घेतली. मग हलक्या आवाजात सगळं सांगितलं. आठ बॅटऱ्यांचं वजन त्या गाडीच्या ब्रेकला पेलत नव्हतं. सपाटीला चालून जायचं, पण पाटाच्या उतारावर त्यांनी स्वतः चालवून पाहिलं तेव्हा गाडी उभी राहायला फार लांब गेली होती. मोठे ब्रेक बसवायला त्यांना अजून दोन-तीन महिने लागणार होते. कॅम्प आज होता. चार बॅटऱ्या काढल्या की गाडी हलकी, साहेबानं सांगितलं तिथं थांबणार. पास झाली की संध्याकाळी परत बसवायच्या, ताईला हळू चालव म्हणायचं, आणि ब्रेकचं काम मागून करायचं.

मी म्हणालो, ‘आण्णा, मग टायरवाल्यात आणि आपल्यात फरक काय?’

‘फरक हाय. त्यो दुसऱ्याचं टायर लावतो. म्या माझ्याच बॅटऱ्या काढतो.’

‘मी पत्रक काढलंय.’

‘तुझं पत्रक बरूबर हाय. एक शब्द खोटा न्हाई त्यात. पण ती काय पत्रकावर बसून शाळंत जायची न्हाई.’

मी बरंच बोललो. वस्तीतल्या माणसाच्या पायाबद्दल बोललो. आण्णा ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनी दाखवलं की मागच्या खोबणीतली एक तार अजून मोकळी करायची राहिली आहे, तेवढा हात लाव, माझी बोटं पोचत नाहीत. मी हात लावला. मोकळ्या खोबण्यांवर गोधडी टाकली, तीही मीच. ताई बाहेर आली तेव्हा मागच्या बाजूला जणू बसायची चांगली गादी केलेली होती.

कारखाना तीन किलोमीटर. ताईनं गाडी चालवली, आण्णा तिच्या शेजारी, मी मागे गोधडीवर आणि माझ्या मांडीवर निवेदन.  रस्त्यात एकदा तिनं विनाकारण ब्रेक लावला, गाडी थांबली, आणि ती पुन्हा निघाली. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

गाडीतळावर वीस-पंचवीस गाड्या होत्या. बाभळींमागे जॅकची खडखड चालू होती. पंक्चरवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि हात पुसत मुद्दाम पुढे आला. ‘या लेखक,’ तो म्हणाला. ‘टायर हवंय का? तुमास्नी बिनभाड्याचं. वर औषधाची पेटी फुकट.’ बाजूचे ड्रायव्हर हसले. दुसऱ्या एकानं गाडीखाली वाकून विचारलं की हिला शेण घालता का पेंड, आवाज कसला येत नाही. आण्णाही त्यांच्याबरोबर हसले. मी हसलो नाही. मला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं. मी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो. धुराचा मुद्दा तोंडात घोळवायचा प्रयत्न केला तर मध्येच पोत्याखालच्या चार बॅटऱ्या यायच्या आणि वाक्य तुटायचं.

आमचा नंबर दुपारी आला. इन्स्पेक्टर पन्नाशीचे, उन्हानं रापलेले गृहस्थ होते. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं आणि इंजिनाऐवजी बॅटऱ्या पाहून थोडा वेळ नुसते बघत राहिले. मी पुढे झालो. निवेदन उघडलं आणि म्हणालो की साहेब, धूर तपासणीच्या नियमासंबंधी आमचं म्हणणं असं आहे की...

‘याला धूर कुठंय?’ ते म्हणाले. ‘पीयूसी कशाला हवी? तो कागद ठेवा.’

बस. महिनाभराची तयारी त्या दोन ओळींत संपली. मी चार पानं हातात धरून उभा राहिलो.

आणि ते तपासायला लागले. मी समजत होतो त्यापेक्षा फार बारकाईनं. दिवे, हॉर्न, स्टिअरिंग किती मोकळं फिरतं ते, हँडब्रेक. बॅटऱ्या घट्ट बांधल्या आहेत का ते हलवून पाहिलं. तारांना कुठं घासण्याची जागा आहे का ते बोटानं पाहिलं, आणि एका ठिकाणी रबर घालायला सांगितलं. आण्णांना प्रश्न विचारले आणि उत्तरं नीट ऐकली. मग जमिनीवर बुटाच्या टाचेनं एक रेघ ओढली, स्वतः ताईच्या शेजारी बसले आणि म्हणाले, गाडी त्या टोकापासून वेगानं आणा आणि मी सांगेन तेव्हा थांबवा.

गाडी आली, त्यांनी हात वर केला, ताईनं लिव्हर ओढला. गाडी रेघेच्या आत थांबली. बाभळींकडून कुणीतरी शिट्टी मारली. साहेब उतरले, बॉनेटवर कागद ठेवला, पेनचं टोपण काढलं.

त्या क्षणी मला बोलायचं होतं. हे मी आज लिहितोय म्हणून सांगत नाही, खरंच शब्द तोंडाशी आले होते. पण ताईचा हात अजून लिव्हरवर होता आणि मला तिचा पुढचा सोमवार दिसत होता, मग तिचं पुढचं सगळं वर्ष. मी गप्प राहिलो.

ताई गाडीत बसूनच म्हणाली, ‘साहेब, सही करू नका. आणखी चार बॅटऱ्या घरी आहेत. त्या घातल्या की गाडी अशी थांबत नाही.’

साहेबांनी पेन तसंच धरलं. त्यांनी मागचं दार उघडलं, गोधडी उचलली, मोकळ्या खोबण्या पाहिल्या. ‘कोणी काढल्या?’

‘म्या काढल्या,’ आण्णा म्हणाले. ‘पोराचा संबंध न्हाई.’

ते मी तसंच राहू दिलं. मागच्या चार ओळी लिहिण्यापेक्षा ही एक ओळ लिहायला मला जास्त दिवस लागले.

 पंक्चरवाला जवळ आला होता. तो आण्णांना हलकेच म्हणाला, ‘वायरमन, तुमची लेक समद्यांचा धंदा बसवणार.’ पण त्याच्या बोलण्यात टोमणा कमी होता. आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते जमिनीवरच्या रेघेकडे बघत होते.

साहेबांनी ताईला विचारलं की तुम्हाला हे आधी माहीत होतं का. ती म्हणाली की कुणी सांगितलं नव्हतं, येताना कळलं. रोज ब्रेकला दंडाचा सगळा जोर लावावा लागतो, आज दोन बोटांवर गाडी थांबली. मग तिनं अगदी वर्गात सांगतात तशा आवाजात सांगितलं की शाळेच्या रस्त्याला पाटाचा उतार आहे, उताराच्या तळाशी हातपंप आहे आणि सकाळी तिथं तिच्याच वर्गातली मुलं पाणी भरायला उभी असतात.

 साहेबांनी गाडी नापास करून आम्हाला परत पाठवलं असतं तर ते बरोबरच होतं. आण्णांवर त्यांनी आवाज चढवला असता तर तेही बरोबर होतं. त्यांनी फक्त एवढं विचारलं की चार बॅटऱ्यांवर ही गाडी किती जाते.

‘आठ, लई झालं तर नऊ किलोमीटर,’ आण्णा म्हणाले.

‘मग ऐका बाई. मी पाहिली ती गाडी चार बॅटऱ्यांची. चार लिहून घेत असाल तर आत्ता सही करतो, पण मग चारच. आठवर चालवायची असेल तर ब्रेक करून, आठ घालून पुढच्या कॅम्पला या. जे तपासलं तेच रस्त्यावर चाललं पाहिजे.’

ताईनं हिशोब केला असणार. शाळा सात किलोमीटर. जाणं होत होतं, येणं होत नव्हतं.

‘चारच लिहा,’ ती म्हणाली.

‘अगं, मग माघारी कशी येशील?’ आण्णा पुढे आले.

‘जायचं तर झालं. यायचं बघू.’

 परत येताना घराच्या वळणावर आण्णा म्हणाले, ‘तू मला आधी सांगायचं हुतं.’ ताई म्हणाली, ‘सांगितलं असतं तर तुम्ही गाडी तिथूनच वळवायला लावली असती.’  आण्णांनी संध्याकाळी त्या चार बॅटऱ्या कोरड्या जागी उचलून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ब्रेकच्या मागे लागले. मला मात्र त्यांनी मदतीला बोलावलं नाही. मीही गेलो नाही. बरेच दिवस आम्ही दोघं एकमेकांच्या वाटेतून बाजूला होत राहिलो.

यायचं ताईनंच पाहिलं. शाळेसमोर पिठाची गिरणी होती. गिरणीवाल्या बाईंची नात ताईच्या वर्गात होती. ताईनं त्यांना सरळ विचारलं. बाईंनी आधी गाडी पाहिली, मग ताईच्या पायांतल्या पट्ट्या पाहिल्या, आणि म्हणाल्या की दळण चालू असताना लावू नका, विजेचा दाब कमी होतो, दुपारनंतर खुशाल लावा. आण्णांनी चार्जिंगची पेटी गिरणीच्या भिंतीला ठोकून दिली आणि वेगळा मीटर बसवून घेतला. शाळा सुटेपर्यंत बॅटऱ्या बहुतेक भरायच्या. बहुतेक म्हणजे लाइट असेल तर. दुपारी मध्येच लाइट गेली की गाडी घराच्या अलीकडे एक-दीड किलोमीटरवर, उसाच्या रानाच्या कडेला उभी राहायची.

मी रोज पाच वाजता सायकल काढायचो. बसवतच नव्हतं. अर्ध्या रस्त्यात जाऊन उभा राहायचो, गाडी दिसली की पुढे व्हायचो, नाही दिसली की आणखी पुढे जायचो. एकदा ती खरंच थांबलेली सापडली. ताई आत बसून वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही, हातातली वही पूर्ण केली, लाल पेनानं शेरा लिहिला आणि मग म्हणाली, ‘तू रोज असा मध्ये येऊन उभा राहतोस ना, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं माझी गाडी बंदच पडणार.’

‘मग काय करू?’

‘घरी बस. सहापर्यंत नाही आले तर निघ.’

दुसऱ्या दिवशी मी घरी बसलो. पाच वाजले, साडेपाच वाजले. सायकलची चेन पुसली, पुन्हा पुसली. आण्णा ओसरीवर ब्रेकचं सामान पसरून बसले होते. तेही घड्याळाकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. पावणेसहाला मला राहवलं नाही. सायकल काढली आणि रस्त्याकडे तोंड करून टांग टाकणार, तर गाडी दारात उभी. आवाज नसल्यामुळे आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं ती कधी आली.

ताईनं खिडकीतून हात बाहेर काढला. ‘बाजूला हो,’ ती म्हणाली. ‘मला वळवायचीय.’